सापळ्यातला पतंग आणि पाठीवरचा पंप

मजूर संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने फळबागेतील पतंगांवर बोलावयाचे ठरवले, तेव्हा आमच्या एका स्नेह्याने सरळ विचारले, "संप, बोनस, महागाई भत्ता हे विषय संपले काय?" ते विषय संपलेले नाहीत आणि आमच्या हयातीत संपतील असेही दिसत नाही. परंतु ज्या वाटेने आम्ही पतंगांपाशी येऊन पोहोचलो ती मजुरांच्या वस्तीतूनच गेलेली आहे. ती आधी सांगितली म्हणजे पुढील विवेचन अस्थानी वाटणार नाही.

२०१७ साली पावसाळ्याच्या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो माणसांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत स्वतःच्या शेतात फवारणारे शेतकरी होते, तसे दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारणारेही होते. कपाशी त्या वर्षी उंच वाढली होती, त्यामुळे फवाऱ्याचे तुषार तोंडावर येत. हवा दमट होती. दोन-दोन, तीन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली जात होती. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत ही तरतूद १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली झालेल्या १९७१ च्या नियमांत होती, म्हणजे या घटनेच्या वेळी ती सेहेचाळीस वर्षांची झाली होती. ज्यांच्या अंगावर ते कपडे असावयास हवे होते त्यांच्यापैकी कित्येकांच्या नाकातोंडावर दुपट्ट्याखेरीज काही नव्हते.

त्यानंतर फवारणी करणाऱ्या मजुरांना भेटण्याचे प्रसंग आम्हांस वारंवार आले. त्या वेळी आम्ही प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारीत असू, की आज फवारायचे हे कोणी ठरवले? उत्तरे ठरलेली असत. धुऱ्यावरच्या शेजाऱ्याने फवारले म्हणून. कृषी केंद्रवाल्याने बाटली दिली म्हणून. मागच्या फवाऱ्याला पंधरा दिवस झाले म्हणून. शेतात कीड किती होती, ती कोणी पाहिली, कोणी मोजली, याचे उत्तर क्वचितच मिळे. हेच मजूर पुढे संत्र्याच्या बागांतूनही पंप घेऊन जातात, आणि तेथेही हीच उत्तरे ऐकू येतात. (आपल्या भाषेत या विषाला सर्रास 'औषध' म्हणतात. आम्हीही या लेखात तोच शब्द वापरणार आहोत, कारण दुसरा कोणी वापरीत नाही. पण वाचकांनी तो वाचताना एकदा तरी अडखळावे अशी आमची इच्छा आहे.)

कारखान्यात एखाद्या यंत्रावर माणसाला धोका असेल, तर आम्ही पहिली मागणी करतो ती ते यंत्र विनाकारण चालू ठेवू नये ही. फवारणीलाही तोच न्याय लावावा असे आम्हांस वाटले. मुखवटे, हातमोजे, बूट हे सर्व हवेच. पण जी फवारणी करण्याचे कारणच नव्हते ती झालीच नाही, तर मजुराच्या अंगावर पडणारे विष तेवढे टळते. मग कारण होते की नव्हते हे समजावे कसे? या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही पुस्तके चाळू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो आणि सापळ्यापाशी येऊन थांबलो.

सापळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उंदराचा पिंजरा येतो. जनावर आत गेले, दार पडले, काम झाले. पतंगांचा सापळा या अर्थाने सापळा नव्हे. बागेत हजारो पतंग असताना त्यातले वीस-पंचवीस पकडल्याने बाग वाचत नाही. त्या वीस-पंचवीसांवरून बागेत काय चालले आहे याचा अंदाज बांधावयाचा असतो. शिधापत्रिकेच्या दुकानावर धान्याच्या पोत्यात बांबूची पोकळ नळी खुपसून मूठभर दाणे काढून पाहतात, तसलाच हा प्रकार आहे.

आणि या अंदाजाला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी पतंगाचे आयुष्य पाहिले पाहिजे. अंडे, अळी, कोष आणि पंख फुटलेला पतंग अशा चार अवस्थांतून तो जातो. बहुतेक जातींत फळाचे नुकसान करते ती अळी. पतंग स्वतः फुलातला मध चाखतो किंवा काहीच खात नाही. मादी फळावर अगर पानावर अंडी घालते, काही दिवसांनी त्यांतून केसाएवढी अळी बाहेर येते आणि थोड्याच वेळात फळात शिरते. एकदा ती आत शिरली की बाहेरून मारलेले औषध तिच्यापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. म्हणजे औषधाचा उपयोग व्हावयाचा तर तो अंडे फुटणे आणि अळी आत शिरणे यांमधल्या अल्प काळातच होतो. त्याच्या आठवडाभर आधी फवारले तर औषध उन्हापावसात निघून जाते, आठवडाभर नंतर फवारले तर अळी घरात बसलेली असते. दोन्ही वेळा पैसे बागाइतदाराचे जातात आणि विष मजुराच्या अंगावर पडते. मग तिसऱ्यांदा फवारावे लागते ते वेगळेच.

पतंग बागेत केव्हा आले हे कळले, तर अंडी केव्हा आणि अळी केव्हा याचा हिशेब मांडता येतो. परंतु पतंग निशाचर, रंगाने झाडाच्या सालीसारखा, आणि दिवसा निपचित बसणारा. तो माणसाला दिसावा कसा? ही अडचण त्यांच्यातल्या मादीने सोडवली आहे.

फाब्र या फ्रेंच कीटकनिरीक्षकाने आपल्या घरातली एक हकीकत लिहून ठेवली आहे. मे महिन्यातल्या एका सकाळी त्याच्या टेबलावर एका मोठ्या पतंगाची मादी कोषातून बाहेर आली. त्याने ती तारेच्या जाळीखाली झाकून ठेवली. त्या रात्री त्याच्या घरात त्याच जातीचे चाळीसएक नर उघड्या खिडक्यांतून शिरले. अंधारात, झाडीतून वाट काढीत, जी मादी त्यांनी पाहिलेली नव्हती तिच्यासाठी ते आले होते. पुढे फाब्रने मादीभोवती उग्र वासाचे पदार्थ ठेवून पाहिले, तरी नर येतच राहिले. पण मादी घट्ट झाकणाच्या भांड्यात बंद केली की कोणीही येईना. आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत ज्याच्या कोषापासून टसर रेशीम काढतात तो पतंग याच कुळातला आहे.

मादी सोडीत असलेला हा गंध म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे समजावयास बराच काळ लागला. ब्यूटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रेशमाच्या किड्याच्या सुमारे पाच लाख माद्या गोळा करून, त्यांच्या शरीरातील गंधग्रंथींतून अवघे काही मिलिग्रॅम द्रव्य मिळवले आणि १९५९ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. त्याला बॉम्बिकॉल असे नाव दिले. या कामाला सुमारे वीस वर्षे लागली होती. ते पाच लाख कोष वाढवणारे आणि माद्या वेगळ्या काढणारे हात कोणाचे होते, हे मात्र आमच्या वाचनात कोठे आले नाही! असो. फेरोमोन हा शब्दही त्याच वर्षी रूढ झाला. मराठीत आपण त्याला कामगंध म्हणतो, आणि त्यावर चालणाऱ्या सापळ्याला कामगंध सापळा.

फळबागेत या शोधाचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो सफरचंदात. सफरचंद चिरले की मधोमध काळसर बोगदा आणि त्यात गुलाबीसर अळी दिसते, ती कॉडलिंग मॉथ या पतंगाची. जगातल्या बहुतेक सफरचंदाच्या मुलुखांत ही कीड आहे. आपल्या देशात ती लडाखमध्ये आहे. १९७१ साली तिच्या मादीचा गंध ओळखला गेला आणि तो प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागला. रबराच्या लहानशा बुचात हा गंध मुरवतात आणि ते बूच पुठ्ठ्याच्या, दोन्ही टोकांना उघड्या, तिकोनी घरात ठेवतात. घराच्या तळाला चिकट कागद असतो. झाडाच्या वरच्या भागात हे घर टांगले की मादीच्या शोधात निघालेला नर आत येतो आणि चिकटून बसतो. आपल्याकडे शेतात बहुधा दिसतो तो नरसाळ्याचा सापळा. वर झाकण, झाकणाच्या आतल्या बाजूस गंधाची गोळी, खाली नरसाळे आणि नरसाळ्याला बांधलेली लांब प्लॅस्टिकची पिशवी. पतंग गोळीभोवती घिरट्या घालून दमतो, नरसाळ्यातून घसरतो आणि पिशवीत पडतो. शेतकरी या गोळीला ल्युअर म्हणतात.

सफरचंदाच्या बागेत पुढचा हिशेब कसा करतात तो पाहण्यासारखा आहे. सापळ्यात नर सातत्याने सापडू लागले, तो दिवस वहीत पहिला म्हणून नोंदवावयाचा. कीटकाचे अंग हवेच्या उष्णतेवर चालते. या पतंगाची वाढ साधारण दहा अंश सेल्सियसच्या खाली थांबते. म्हणून दिवसाचे सरासरी तापमान सतरा अंश असेल तर त्या दिवशी सात अंश जमा झाले असे धरतात. पहिल्या दिवसापासून असे सुमारे एकशे चाळीस अंश जमा झाले, की अंडी फुटू लागतात. रोज सातच अंश मिळाले तर वीस दिवस, ऊन तापून रोज दहा मिळाले तर चौदा. म्हणजे गेल्या वर्षीच्या तारखेला यंदा फवारणे हे गेल्या वर्षीच्या पंचांगावर यंदाचा मुहूर्त काढण्यासारखे झाले. आपल्या महाराष्ट्रात थंडी थोडकी आणि पतंगांच्या पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या, त्यामुळे हा हिशेब जसाच्या तसा चालत नाही. येथे आठवड्यामागून आठवडा आकडा चढतो आहे की उतरतो आहे, हे पाहावे लागते.

आकडा म्हटला की मजूर चळवळीतल्या माणसाचे कान टवकारतात. महागाईचा निर्देशांक कसा काढला, कोणत्या दुकानातले भाव घेतले, यावरून आम्ही किती रात्री जागवल्या आहेत! त्यामुळे सापळ्यातल्या आकड्यावरही आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवला नाही, आणि ते बरेच झाले. कारण हा आकडाही फसवतो.

समजा तीन सापळ्यांत एका आठवड्यात अनुक्रमे ४२, ३५ आणि ७ पतंग सापडले. एकूण ८४. तीन सापळे, सात रात्री, म्हणजे दर सापळ्यास दर रात्री सरासरी चार. आता कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कृषी विभागाची मर्यादा अशी आहे की, दर सापळ्यात दर रात्री आठ किंवा अधिक पतंग सलग तीन रात्री सापडले तरच उपाय योजावा. चार हा आकडा त्याच्या निम्मा, तेव्हा स्वस्थ बसावयास हरकत नाही असे वाटेल. पण पहिल्या सापळ्यातले बेचाळीस जर शेवटच्या तीनच रात्रींत चौदा-चौदा असे आले असतील तर? आठवड्यातून एकदा पिशवी मोजणाऱ्याला ते कधीच समजणार नाही. आणि तिसऱ्या सापळ्यात सातच का? तो वाऱ्याच्या आडोशाला होता, की त्याची गोळी जुनी झाली होती? या गोळीतला गंध साधारण दोन-तीन आठवड्यांत उडून जातो. नंतर सापळा रिकामा राहतो आणि कीड गेली असे समजून मालक निश्चिंत होतो. गोळी बदलल्याची तारीख सापळ्यावर लिहिलेली नसेल, तर शून्य या आकड्याचा काहीच अर्थ लावता येत नाही.

आणखीही खोड्या आहेत. एका हाताने दोन किडींच्या गोळ्या हाताळल्या तर गंध मिसळतात. तंबाखू मळलेल्या बोटांनी गोळी लावणेही चांगले नव्हे. मेलेले पतंग काढून टाकले नाहीत तर पुढच्या वेळी तेच पुन्हा मोजले जातात. शिवाय कामगंध सापळ्यात नर सापडतात, अंडी घालते ती मादी. नरांच्या संख्येवरून मादीचे अनुमान करावे लागते, आणि ते प्रत्येक वेळी बरोबर येईल असे नाही. म्हणून सापळ्यात आकडा चढला की दुसऱ्या दिवशी झाडाखाली जाऊन फळे उलटीपालटी करून पाहावीच लागतात. सापळा पाहण्याची वेळ कोणती एवढेच सांगतो.

मग प्रत्येक फळबागेत असे सापळे टांगले की झाले? तसे नाही, आणि येथे पुष्कळांची फसगत होते. सोलापूरकडच्या डाळिंबात फळ पोखरणारी जी अळी असते, ती पतंगाची नसून एका फुलपाखराची आहे. ते दिवसा उन्हात उडते. त्याच्यासाठी कोणी रात्री दिवा लावून प्रकाश सापळा मांडला तर त्यात इतर शंभर जातींचे किडे जमतील, हे मात्र येणार नाही. उलट डहाणू-घोलवडच्या चिकूत बी पोखरणारी जी अळी आहे, ती खऱ्या पतंगाची. ती कोवळ्या फळात शिरते, शिरल्याची खूण बुजून जाते, आणि फळ वरून निकोप दिसत असताना आत बियांत तिचे काम चालते. तिचा पतंग दिव्यावर येतो, म्हणून तेथे प्रकाश सापळ्याची शिफारस आहे. तात्पर्य, कोणाला पकडावयाचे ते ठाऊक नसताना विकत घेतलेला सापळा म्हणजे खांबाला लटकवलेली पिशवी.

सर्वांत चमत्कारिक प्रकरण आहे ते संत्र्याचे. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात आंबिया बहाराची फळे पावसाळा सरता सरता पिवळी होऊ लागतात. त्याच सुमारास, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, तेथे फळातील रस शोषणारा पतंग येतो. आतापर्यंत सांगितलेले सर्व नियम याने उलटे केले आहेत. येथे नुकसान अळी करीत नाही, पतंगच करतो. तो चांगला मोठा असतो, पंख पसरले तर तळहात झाकेल एवढा. पुढचे पंख वाळक्या पानासारखे तपकिरी आणि त्यांखाली लपलेले मागचे पंख नारिंगी, त्यांवर काळे डाग. त्याची सोंड इतर पतंगांसारखी मऊ नसून टोकाशी टणक आणि कंगोरेदार असते. ती तो संत्र्याच्या सालीत खुपसतो आणि रस ओढून घेतो. सालीवर टाचणीच्या टोकाएवढे भोक राहते. त्या भोकातून बुरशी आणि जंतू शिरतात, भोवतालची साल मऊ व तपकिरी होते, आणि काही दिवसांत फळ गळून पडते. तोडणीच्या आदल्या रात्री टोचलेले फळ तर पेटीत भरले जाते, वाटेत कुजते आणि शेजारच्या चार फळांना घेऊन बुडते. मंडईत संत्री घेताना एखादे फळ बोटाखाली दबते आणि आपण ते बाजूला सारतो. त्यावर कधी भिंग धरून पाहावे.

मौज पुढेच आहे. या पतंगाची अळी संत्र्याच्या झाडावर नसतेच. ती वाढते कुंपणावरच्या, नाल्याकाठच्या आणि रानातल्या गुळवेलीवर व वासनवेलीवर. होय, तीच गुळवेल, जिचा काढा २०२० च्या साथीत सदाशिव पेठेतल्या घराघरांतून उकळत होता आणि जिच्या कांड्या अजूनही आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतात. आपल्याला जी ताप उतरवावयास हवी, ती संत्र्याच्या बागाइतदाराला बागेच्या आसपास नको असते.

आता फवारणीचा विचार करा. अळी बागेत नाही, तेव्हा बागेत फवारून ती मरणार नाही. पतंग बाहेरून अंधार पडल्यावर येतो, सालीवरचे औषध चाटीत बसत नाही, सोंड थेट आत घालतो, आणि उजाडण्यापूर्वी रानात परत जातो. म्हणजे या किडीसाठी झाडांवर मारलेले औषध जवळजवळ वाया. मागे राहते ते मजुराच्या अंगावर आणि तोडणीला आलेल्या फळाच्या सालीवर, जी साल आपण दातांनी सोलतो. तरीही फळगळ दिसली की पंप निघतात, हे आम्ही पाहिले आहे. फळ कशाने गळाले हे न पाहता निघतात. गळ पतंगानेही होते, बुरशीनेही होते आणि झाडाच्या अशक्तपणानेही होते.

या पतंगासाठी मोजणी करावयाची ती डोळ्यांनी. रात्री आठ ते अकराच्या दरम्यान टॉर्च घेऊन बागेच्या ओळींतून चालावे. फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात. किती झाडांवर किती दिसले ते वहीत लिहावे, आणि सकाळी खाली पडलेल्या फळांतली टोचलेली किती ती मोजावीत. सुरुवात बहुधा बागेच्या रानाकडच्या कडेने होते. जोडीला पिकलेल्या केळ्याचे, किंवा गूळ, फळांचा रस आणि थोडे मेलाथिऑन मिसळलेल्या पाण्याचे आमिष रुंद तोंडाच्या भांड्यांतून ठेवतात. त्यात पडणाऱ्यांची गणती होते आणि औषध भांड्यातच राहते. पडलेली फळे उचलून पुरणे, संध्याकाळी बागेत धूर करणे, कुंपणावरची वेल काढणे हे उपाय जुनेच आहेत. जपानात फळबागांमध्ये रात्रभर पिवळे दिवे लावून ठेवतात. पतंगाच्या डोळ्यांना तो दिवस वाटतो आणि तो दिवसासारखा निपचित बसतो. आमच्याकडच्या भारनियमनात हे कसे जमावे, हा प्रश्न आहेच.

सध्या ऋतू आंब्याचा आहे, तेव्हा दोन शब्द हापुसाविषयी. त्यातली अळी पतंगाची नसून फळमाशीची आहे, पण मोजणीचे तत्त्व तेच. बिहारमधील पुसा येथील हौलेट या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ साली सिट्रोनेलाच्या तेलाकडे फळमाश्यांचे नर धावतात असे दाखवले, आणि १९१५ मध्ये त्यातून पुढे मिथाइल युजेनॉल या द्रव्यापर्यंत तो पोहोचला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा याच द्रव्यावर चालतो. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीमुळे आपल्या हापुसाला दार बंद केले आणि ते २०१५ च्या आरंभी उघडले. त्या वर्षी बाटलीतल्या माश्या मोजण्याचे महत्त्व एकदम सर्वांना पटले. यवतमाळच्या मजुरांना ते दार बंद करण्याचा अधिकार नव्हता.

शासनाने या मोजणीची व्यवस्था केलेली नाही असे नव्हे. २००८ च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर अळ्यांचा मोठा हल्ला झाल्यावर २००९ पासून क्रॉपसॅप ही कीड सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. पुढे आंबा, डाळिंब, केळी, संत्रा, मोसंबी, चिकू या फळांसाठी हॉर्टसॅप आली. कीड सर्वेक्षक ठरलेल्या शेतांत जातात, अळ्या व पतंग मोजतात, आकडे वर पाठवतात आणि त्यावरून सल्ला निघून तो शेतकऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर येतो. कल्पना उत्तम आहे. आमचा आक्षेप एवढाच, की तो संदेश बागाइतदाराकडे येतो आणि पंप असतो दुसऱ्याच्या पाठीवर. फवारणीची गरज नाही असा सल्ला आला, तर ते मजुराला कोण सांगणार?

हे सर्व आम्ही एका गावात मोठ्या उत्साहाने सांगत होतो. फवारणी करणारे दहा-बारा मजूर समोर बसले होते. आमचे बोलणे संपल्यावर त्यांतला एक म्हणाला, "भाऊ, फवारे कमी झाले तं आमचे पंपही कमी होतीन ना. त्याचं काय?"

विदर्भात फवारणीची मजुरी पुष्कळ ठिकाणी पंपावर असते. जितके पंप रिकामे केले तितके पैसे. म्हणजे आम्ही ज्याला मजुराचे रक्षण म्हणत होतो, ती त्याच्या लेखी मजुरीतली कपात होती. तीस वर्षे संघटनेत काढूनही हा साधा प्रश्न आमच्या ध्यानात आधी आला नाही, याची आम्हांस लाज वाटली. कारखान्यातले धोक्याचे यंत्र बंद ठेवण्याची मागणी करताना त्या दिवसाचा पगार चालू राहिला पाहिजे हे आम्ही आधी लिहून घेतो. येथे आम्ही पहिले अर्धे वाक्यच सांगून बसलो होतो.

त्यावर त्या रात्री पुष्कळ चर्चा झाली. सापळे पाहणे हेही काम आहे, हा मुद्दा त्यांच्यातल्याच एका बाईंनी काढला. त्यांचे म्हणणे असे की फवाऱ्याला जाणारा माणूस रोज त्या बागेतून हिंडतोच, अळी कोठे लागली हे मालकाच्या आधी त्यालाच दिसते, पण त्याला कोणी विचारीत नाही आणि सांगितल्याचे पैसेही मिळत नाहीत. मोजणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि ती पंपावर नसून दिवसावर असावी, असे शेवटी ठरले. रात्रीच्या फेरीला दिवसापेक्षा अधिक दर.

दुसऱ्या दिवशी आम्ही तीन बागाइतदारांकडे गेलो. एकाने हसून सोडून दिले. पतंग मोजायचे पैसे देणारा गाढव कोण, असे तो म्हणाला. दुसऱ्याने हिशेब मागितला. वाचणाऱ्या एका फवारणीचे औषध आणि मजुरी मिळून किती, आणि दोन महिन्यांच्या मोजणीचे किती, असा कागद आम्ही त्याच्या ओसरीवर बसून मांडला. त्याच्या बागेपुरता तो बरोबरीत सुटला. त्याने एक हंगाम करून पाहू म्हटले. तिसऱ्याने आमच्यासमोर होकार दिला आणि मोजणीचे काम आपल्या पुतण्याला दिले.

दुसऱ्या बागेत ज्याला काम मिळाले तो वर सांगितलेला प्रश्न विचारणाराच मजूर होय. त्याची वही आम्ही त्या हंगामाच्या अखेरीस पाहिली. पहिल्या पानांवर नुसते आकडे होते. मधल्या पानांपासून त्याने आकड्यांपुढे आपण होऊन लिहावयास सुरुवात केली होती, पाऊस, वारा, नाल्याकडची ओळ, चांदणे. सप्टेंबरातल्या एका पानावर सलग चार रात्री पतंग वाढलेले दिसत होते आणि खाली शेरा होता, की मालकाला सांगितले, पडलेली फळे उचलली, धूर केला, पंप काढला नाही. त्याखाली त्या दिवसाची मजुरी लिहून तिच्यापुढे 'मिळाली' असे लिहिलेले होते. पुढच्या दोन पानांवर ती जागा कोरी होती. ते पैसे राहिले आहेत का, असे आम्ही विचारले. राहिले आहेत म्हणाला. तेव्हा वही तशीच हातात घेऊन आम्ही दोघे मालकाकडे गेलो.